चाळीस नंबर

आमच्या थोरल्या जाऊबाई दिसायला कशा होत्या ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून मला कुणी बोल लावायला नको. नाक जन्मतः जे बसलं ते पुन्हा उठलंच नाही. कान पसरट. पुढच्या दोन दातांत एवढी फट, की हसल्या की आधी शीळ ऐकू यायची आणि मग हसू. आणि अंगाने भरलेल्या. भरलेल्या म्हणजे किती, तर आम्ही दोघी एका छत्रीतून निघालो की भिजायची ती मीच.

हे सगळं आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. जाऊबाईंनाही ठाऊक होतं, फक्त पटलेलं नव्हतं.

त्या बारा वर्षांच्या असताना त्यांची आत्या चारचौघांत म्हणाली होती, "ह्या पोरीच्या रूपाच्या नावाने आनंदच आहे." जाऊबाई आत गेल्या, आरशापुढे पाऊण तास बसल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आत्या, मी सगळीकडून नीट बघितलं. मला तर कुठे खोट दिसली नाही. तू तुझे डोळे दाखवून घे." थप्पड खाल्ली, पण मत बदललं नाही. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर पुन्हा कुणाचा सल्ला घेतला नाही.

कपड्यांचंही तेच. पिवळाजर्द ड्रेस, त्यावर जांभळा रुमाल, पायात लाल चपला, ओठांना लाली. एवढं लेवून त्या कामावर निघायच्या आणि मी त्यांच्या मागे दोन पावलं चालायची. आदराने नव्हे, लोकांनी बघायला लागलं की मला लाज वाटायची. एकदा बसथांब्यावर दोन कॉलेजची पोरं खिदळायला लागली. जाऊबाई थांबल्या, अख्ख्या वळल्या आणि म्हणाल्या, "बघा, बघा. फुकट आहे." पोरं खाली मान घालून चपला बघत बसली.

आम्ही दोघी एकाच शिलाई कारखान्यात. मी काजे-बटणं करायची. त्या मशीनवर होत्या, पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. आमच्याकडे दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे गणवेश शिवले जायचे, आणि मोठ्या बायकांचं चाळीस नंबरचं माप म्हणजे आमच्या जाऊबाई. कटिंगमास्तरांनी नवा नमुना कापला की तो पहिल्यांदा त्यांच्या अंगावर चढायचा. त्यांना बसला, की मग बाकीचा माल कापायचा. तीस वर्षं हे चाललं होतं. कारखान्यात त्यांचं नावच मुळी 'चाळीस नंबर' पडलं होतं. दुसरी कुणी असती तर रडली असती. ह्या मात्र "कोण आहे?" म्हटलं की दाराबाहेरून ओरडायच्या, "चाळीस नंबर!" जशी काही पदवीच.

नमुना चढवला की त्यांची फेरी सुरू व्हायची. मास्तर तोंडात टाचण्या धरून बाजूला उभे. जाऊबाई आधी दोन्ही हात वर करणार, फळीवरचा डबा काढावा तसे. मग खुर्चीत बसणार. मग एक बटण जमिनीवर टाकून ते वाकून उचलणार. मग दारापर्यंत जाऊन वळणार, मान अशी मागे टाकून, की आपल्यालाच वाटावं आपण बाजूला सरकावं. आणि शेवटी निकाल. "पाठीत श्वास कोंडतो, मास्तर. सोडा थोडं." नाहीतर, "उठते, बसते, वाकते. कापा."

मास्तर टाचण्या बाहेर काढून एकच विचारायचे, "आणि दिसतंय कसं?"

"मी घातलंय म्हटल्यावर चांगलंच दिसणार. ते विचारू नका, कापड कसं आहे ते विचारा."

पुढे थोरले मालक घरी बसले आणि त्यांचा मुलगा आला. पोरगा वाईट नव्हता, फक्त कुठून तरी शिकून आला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने जाऊबाईंची फेरी पाहिली. दार ते खुर्ची, खुर्ची ते दार. म्हणाला, "मावशी, हा कारखाना आहे, नाटक नाही." आणि पुढच्या सोमवारी एक पुतळी घेऊन आला.

पुतळी काय सांगू! पांढरी, कापसासारखी. डोकं नाही, हात नाहीत, एकाच लोखंडी पायावर उभी. कंबर अशी की माझ्या मुठीत यावी. छातीवर चिठ्ठी चिकटवलेली, 'चाळीस'. छाती असेल बाई चाळीस, पण पोट नाही, दंड नाहीत, पाठीवर एक वळी नाही. असली चाळीस नंबरची बाई मी तरी बाजारात पाहिली नव्हती.

"आता माप हिच्यावर घ्यायचं," धाकटे मालक म्हणाले. "मावशी, तुमचंही वय झालं. माप कसं सुबक पाहिजे."

एवढंच बोलला. त्याच्या ध्यानीमनीही नसेल. पण जाऊबाईंच्या हातातला टेप खाली पडला आणि तो उचलायला त्या वाकल्या नाहीत. त्यांना कोपऱ्यात सुटे धागे कापायला बसवलं.

मला वाटलं, ही बाई. आत्याला उत्तर देणारी. हिला काय होतंय! पण दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या त्या राखाडी ड्रेस घालून. तो ड्रेस त्यांचा नव्हताच, आमच्या मयत सासूबाईंचा होता. लाली नाही, रुमाल नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी बरोबरीने चाललो आणि रस्त्यात आमच्याकडे कुणी बघितलंही नाही. तीस वर्षं मला हेच हवं होतं. ते मिळालं, तर मीच वळून वळून लोकांकडे बघायला लागले.

घरी आमचे थोरले दीर. अत्यंत सज्जन माणूस. बायकोने डोक्यावर टोपली घालून घेतली तरी 'छान' म्हणतील, मान वर न करता. त्या संध्याकाळी मात्र ते जेवताना इकडेतिकडे बघत म्हणाले, "घरात अंधार का वाटतोय? दिवा बदलला का कुणी?"

भांडी घासताना जाऊबाई मला म्हणाल्या, "धाकटे, एक विचारू? खरं सांग. मी दिसायला कशी आहे गं?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता. आणि मी काय करावं? मी म्हटलं, "तुमचा स्वभाव फार चांगला आहे, जाऊबाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कढई घासायला घेतली आणि ती एवढी घासली की तिचा तळ पातळ झाला. मी जन्मात बऱ्याच चुका केल्या, पण ह्या एका वाक्यासाठी मला कुणी कोपऱ्यात उभं केलं असतं तरी चाललं असतं.

इकडे कारखान्यात दवाखान्याचं काम आलं. मोठ्या बांध्याच्या नर्सबाईंसाठी साठ पांढरे कोट, सगळे चाळीस नंबर. मास्तरांनी नमुना पुतळीवर चढवला. काय बसला होता! एक चुणी नाही. मालक तर लांबून, जवळून, डोळे बारीक करून बघत होते. कापड वाचावं म्हणून शिवणीत सोडायची मायाही त्यांनी कमी करायला लावली. मास्तर पुटपुटले, "एकदा मावशींच्या अंगावर..." मालक म्हणाले, "मास्तर, काळ बदलला." मास्तरांनी टाचण्या तोंडात धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला वाद घालता येत नाही.

बाह्या लोंबत होत्या, पण त्यांत हातच नव्हते, त्यामुळे त्या सुरेखच लोंबत होत्या. साठ कोट शिवले. मी स्वतः त्यांना बटणं लावली. अंगात घालून बघावा हे माझ्या मनात आलं नाही, कारण मी म्हणजे काडी, चाळीसचा कोट मला तंबू झाला असता. कोट गेले.

पाचव्या दिवशी दवाखान्याच्या मुख्य नर्सबाई स्वतः आल्या. तोच कोट अंगात, मागे शिपायाच्या डोक्यावर बाकीच्या कोटांचा गठ्ठा. बांधा म्हणाल तर जाऊबाईंचीच सख्खी बहीण शोभावी. दारातच म्हणाल्या, "मालक कोण?"

"मी. या ना, बसा."

"बसता येत नाही. तेच सांगायला आले आहे." आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, खांद्याच्या वर जेमतेम वीतभर. टर्रर्र. दोन्ही बगला उसवल्याचं सगळ्या कारखान्याला ऐकू आलं. "गेले चार दिवस आमच्याकडे सलाईनची बाटली कुणाला टांगता येत नाही. कोट फाटतो, नाहीतर हात वर जात नाही. काल एका आजोबांनी उठून स्वतःची बाटली स्वतः टांगली!"

मालकांचा चेहरा कोटाच्या कापडासारखा पांढरा झाला. म्हणाले, "पण पुतळीवर तर अगदी छान बसला होता हो."

"मग पुतळीला पाठवा ड्यूटीवर!"

आम्ही सगळ्या मशीनवर माना खाली घालून हसू दाबत होतो. मास्तरांनी पटकन तोंडात चार टाचण्या धरल्या. नर्सबाईंची नजर फिरत फिरत कोपऱ्यात गेली. तिथे राखाडी गाठोड्यासारख्या आमच्या जाऊबाई धागे कापत होत्या.

"ह्या बाईंच्या अंगावर का नाही घेतलं माप? ह्यांना बसला असता तर आमच्या साठजणींना बसला असता. असा भरदार बांधा समोर असताना तुम्ही ते बिनहाताचं भूत कशाला उभं केलंत?"

मालक जाऊबाईंकडे गेले. कान लाल. "मावशी... जरा बघता का?"

"मी? माझं वय झालं ना."

"मावशी, चुकलो."

"आणि ते सुबकचं काय?"

"तेही चुकलो."

जाऊबाई कात्री ठेवून उठल्या. "दहा मिनिटं थांबा," म्हणाल्या आणि न्हाणीत गेल्या. नर्सबाई घड्याळ बघायला लागल्या. दहाची वीस झाली. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं, ओठांना लाली, गळ्यात जांभळा रुमाल. म्हणजे तो त्यांच्या पिशवीत रोज होता. घालत नव्हत्या, पण आणत होत्या.

त्यांनी गठ्ठ्यातला एक कोट चढवला. हात वर केले, अर्ध्यात थांबले. बसल्या, बटणं ताणली. वाकल्या, मागून शिवण बोलली. तरी दारापर्यंत गेल्याच, मान मागे टाकून वळल्याच. नर्सबाई नकळत बाजूला सरकल्या.

"बगलेत चार बोटं कमी. बाही जोडतात तो मुंढा खोल नाही," जाऊबाई म्हणाल्या. "माया सोडली असती तर उसवून सैल करता आला असता. आता चौकोनी तुकडा घालायला लागेल, प्रत्येक बगलेत."

"पांढरं कापड संपलंय," मास्तर म्हणाले. "नवा तागा यायला पंधरा दिवस."

"मला परवा पाहिजेत," नर्सबाई म्हणाल्या.

जाऊबाईंनी आपली पिशवी उचलली आणि आतून घडी केलेलं कापड काढून टेबलावर पसरलं. पिवळं. साधंसुधं नव्हे, डोळ्याला झोंबणारं. नव्या ड्रेसचं कापड होतं ते. पुतळी यायच्या आदल्या दिवशीच घेतलं होतं, नंतर त्याला कात्री लावायचं मन झालं नव्हतं. बाई जाड असल्याचा एक फायदा, ड्रेसचं कापड भरपूर लागतं. एकशेवीस तुकडे आरामात निघाले असते.

मालक म्हणाले, "पांढऱ्या कोटाला पिवळं? मावशी, लोक काय म्हणतील?"

जाऊबाईंनी एक चौकोन कापला, आपल्याच बगलेत टाचणीने बसवला आणि हात खाली सोडून उभ्या राहिल्या. "दिसतंय काही?"

"नाही."

मग हात वर केला, पार आढ्यापर्यंत. "आता?"

बगलेतून पिवळं फूल उमलल्यासारखं झालं. नर्सबाई, ज्या आल्यापासून हसल्या नव्हत्या, त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "करा. आमचे पेशंट बाटली टांगायची वाटच बघत राहतील."

दोन दिवस आम्ही तेच केलं. तुम्हाला वाटेल, जाऊबाईंनी मोठा त्याग केला. मीही तसं म्हटलं, "तुमचं एवढं आवडतं कापड गेलं हो."

"गेलं कुठे?" त्या म्हणाल्या. "आता साठ बायका माझा रंग घालून फिरणार. मी एकटी कुठेकुठे पुरले असते?"

पुतळी अजून तिथेच असेल. जाऊबाई आल्या की तिच्या मानेवर आपली छत्री अडकवायच्या आणि म्हणायच्या, "धर गं. नाहीतरी तुला काम काय!" धाकटे मालक नवा नमुना आला की स्वतः खुर्ची पुसून ठेवायचे.

त्या शेवटच्या कोटाला बटण लावून आम्ही घरी निघालो तेव्हा जाऊबाईंनी रुमाल नीट केला आणि चालू लागल्या. मी सवयीने दोन पावलं मागे राहिले, मग झपाझपा जाऊन त्यांच्या शेजारी आले. म्हटलं, "जाऊबाई, त्या दिवशी भांडी घासताना तुम्ही विचारलं होतं ना..."

"हं."

"तुम्ही दिसायला फार छान आहात."

त्या थांबल्यासुद्धा नाहीत. दातांतल्या फटीतून शीळ वाजली.

"ते मला माहीत आहे गं. तुला कळायला किती दिवस लागतात, तेवढंच बघत होते."