न्यांगेटाचं पोट

न्यांगेटाच्या पोटाची चेष्टा आमच्या बेटावर सगळेच करायचे. "काय गं, कितवा महिना?" असं बाया विचारायच्या. ती मासळी पसरता पसरता म्हणायची, "चौदावा. हत्ती होणार आहे." चाळिशीची बाई, चार पोरांची आई, नवरा सरोवरात बुडून गेलेला. पहाटे होड्या आल्या की कमरेभर पाण्यात शिरायचं, बारीक मासळीची पाटी डोक्यावरून आणायची आणि वाळूवर वाळत घालायची. लहानपणापासून तिने हेच केलं.

मी बेटावरच्या दवाखान्यात मदतनीस, पण लोक मला डॉक्टरच म्हणतात. दोन वर्षं ती "पोट जड वाटतं" म्हणून यायची आणि मी तिला पित्ताच्या गोळ्या द्यायचो. एकदाही तिला आडवं निजवून पोट तपासलं नाही. रांग मोठी असते, अशी मी मनाची समजूत घालायचो.

त्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर आरडाओरडा झाला. धावत गेलो. न्यांगेटा गुडघ्यांवर बसली होती आणि पुढ्यातली मासळी तिने ओकलेल्या रक्ताने भिजली होती. पण गर्दी होती ती ताबूभोवती. ताबू तिची मैत्रीण. सकाळी दोघी एकाच भांड्यातली पेज प्यायल्या होत्या.

"विष घातलंस तू!" न्यांगेटाचा दीर माफुरू वल्हं उगारून ओरडत होता. "तिची मासळी आधी खपते, ते बघवत नव्हतं ना तुला?"

"अरे, मीपण तीच पेज प्यायले!" ताबूचा आवाज फाटला होता.

मी न्यांगेटाला कुशीवर वळवलं आणि पोटावर हात ठेवला. डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून दगडासारखी झाली होती, पार बेंबीपर्यंत.

"माफुरू, वल्हं खाली ठेव. हे विष नाही, पाण्यातल्या किड्यांचं काम आहे."

"किड्यांनी कोणी रक्त ओकतं का? वैदूकडे नेतो. तो ओकवून विष काढेल."

"आणखी ओकवलंस तर इथेच मरेल ती!" इतक्या जोरात मी कधी ओरडलो नव्हतो. "किडे कातडीतून आत शिरतात. त्यांची अंडी वर्षानुवर्षं यकृतात अडकतात आणि रक्ताची वाट बंद होते. मग ते पानथरीत आणि अन्ननळीच्या शिरांत तुंबतं. त्यातलीच एक शीर आज फुटली आहे. तुझ्या होडीचं इंजिन चालू कर. म्वान्झाला न्यायचंय, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात."

माफुरू जागचा हलेना. न्यांगेटाने मान वळवून ताबूकडे पाहिलं. "काय घातलं होतंस गं पेजेत?"

ताबू पाण्यात शिरली आणि होडीचा दोर सोडायला लागली. तेव्हा कुठे माफुरूने वल्हं टाकलं.

होडीत अडीच तास मी सलाइनची बाटली धरून बसलो होतो. मध्येच तिला दुसरी उलटी झाली. नाडी बोटाला लागेना. माफुरू मागे वळून न पाहता विचारायचा, "आहे का?"

"आहे. चालव."

मोठ्या दवाखान्यात तिला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, त्यातली एक माफुरूची. दुसऱ्या दिवशी घशातून नळी घालून फुगलेल्या शिरांना बारीक रबरी कड्या बांधल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतकी वाढलेली पानथरी आधी कोणीच तपासली नाही?"

"ती माझ्याकडेच यायची," मी म्हणालो. "मी नाही तपासली."

तीन आठवड्यांनी न्यांगेटा परत आली. शिरांतला दाब कमी राहावा म्हणून रोज गोळी घ्यायची, पुन्हा पुन्हा शिरा तपासून घ्यायच्या आणि पाण्यात उतरायचं नाही, असं तिला बजावलं होतं. ती घरी न जाता आधी ताबूकडे गेली.

"मी तुझ्यावर संशय घेतला."

"घेतलास," ताबू म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढच्या महिन्यात मी किड्यांवरच्या गोळ्या मागवल्या आणि उंची मोजून त्या मापाने सगळ्यांना दिल्या. "कडू आहेत," माफुरू कुरकुरला. "गिळ मुकाट्याने," न्यांगेटा म्हणाली. त्या वेळी मी एकेकाला निजवून पोट तपासलं. अकरा जणांची पानथरी कडक लागली. त्यातली एक ताबू होती.

ताबूला म्वान्झाला न्यायचं ठरलं, त्या सकाळी न्यांगेटा आधीच होडीत येऊन बसली होती. ताबूने तिच्याकडे पाहिलं नाही, पण उतर असंही म्हणाली नाही.