फरशीवरची फुली

राही म्हात्रेला कोणी विचारलं, की बाई, तुम्ही करता काय, तर ती म्हणायची, "उभी राहते." खोटं नव्हतं ते. अलिबागला बंद पडलेल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मुंबईच्या चॅनेलने छोटा स्टुडिओ थाटला होता. तिथे कॅमेऱ्याच्या मागे, फरशीवर, निळ्या चिकटपट्टीची फुली होती. राहीनेच चिकटवलेली. त्या फुलीवर उभं राहून दिवसाचे चार-चार तास हातांनी बोलायचं, हे तिचं काम. वय सत्तेचाळीस, गुडघे साठीचे.

ऐकू न येणाऱ्यांसाठी बातम्या, आणि सांगणारेही ऐकू न येणारेच, असा तो कार्यक्रम होणार होता. आता निवेदकाला बातमी द्यायची कोणी? पडद्यावर सरकणारं ते सरकारी मराठी ऐकू येणाऱ्याला कळायची मारामार, तिथे यांची काय कथा. म्हणून राहीने कागद वाचायचा, फुलीवरून खुणांनी सांगायचं, आणि समोर दिव्यांच्या झोतात उभ्या असलेल्या निवेदकाने ते बघून कॅमेऱ्याला सांगायचं. शिकायला सहा जण आले होते. आठ महिन्यांत पाच गळले. कोणाचं लग्न ठरलं, कोणाला कंपनीत काम लागलं, कोणाच्या घरच्यांना एवढी ये-जा नको झाली. उरली एकटी रुबिना. बावीस वर्षांची, राहीच्याच शाळेतली. आगरदांड्याहून एसटीने यायची, आल्या आल्या आरशासमोर ओढणी नीट करायची आणि उभी राहायची. तिला हे काम हवं होतं. घरी सांगून आली होती, की आता मला लोक बघतील.

राही या वाटेला लागली ती दादूमुळे. दादू तिचा थोरला भाऊ, जन्मापासून ऐकू न येणारा, थळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. आई जाताना राहीचा हात धरून म्हणाली होती, "त्याचं तोंड आता तूच हाय." तेव्हापासून बँक असो, डॉक्टर असो, एसटीचा कंडक्टर असो, बोलायची राही. कर्णबधिरांच्या शाळेत वीस वर्षं शिकवलं तिने. लग्न राहून गेलं. त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण वाईट वाटून घ्यायलाही सवड लागते.

चॅनेलचा माणूस निकेश. त्याची अट सोपी होती. आसपासच्या चार ऐकू न येणाऱ्यांना बोलवा, शेजारच्या खोलीत टीव्हीवर बातम्या दाखवा, काय समजलं ते त्यांनी सांगावं. समजलं तर कार्यक्रम सुरू आणि रुबिनाला पगार. नाही समजलं तर कोपऱ्यात छोटी चौकट, त्यात मुंबईचा ऐकू येणारा दुभाषी, आणि अलिबागच्या दुकानाला कुलूप.

पहिल्या शुक्रवारी चौघं आले. त्यात थळची गोदू होती, मासे विकणारी, साठीची, शाळेची पायरी न चढलेली. दहा मिनिटं चौघांनी मन लावून टीव्ही पाहिला. मग राहीने गोदूला विचारलं, काय समजलं?

गोदूने खुणेनेच सांगितलं, "पोरगी छान आहे. ओढणी पण छान. काय म्हणत होती ती?"

बाकीच्या तिघांची तीच गत. निकेशने मोबाइल खिशात घातला. "मॅडम, मी ब्लेम नाही करत. पण असं चालणार नाही ना. नेक्स्ट फ्रायडे लास्ट."

राहीने सगळा राग रुबिनावर काढला. चेहरा मख्ख, हात ढिले, लक्ष कुठे असतं तुझं? रुबिना मान हलवत राहिली. शाळेतही ती अशीच मान हलवायची.

घरी आल्यावर राहीने मोबाइलवरचं चित्रण दादूसमोर धरलं. चूक कुठे होते ते बघ म्हणाली. दादूने जेवता जेवता पाहिलं, हात धुतले, पुन्हा पाहिलं.

"ही तू आहेस," त्याने खुणेने सांगितलं.

"रुबिना आहे ती."

"हात तिचे. बोलणं तुझं."

"मग तुला समजतंय ना?"

दादूने ताट बाजूला सारलं, पाणी प्यायला, मग म्हणाला, "मी तुझा भाऊ आहे. मला सवय आहे."

राहीने चित्रण स्वतः पुन्हा पाहिलं, आणि घोळ कळला. राही कागदावरच्या मराठीतला शब्द न् शब्द उचलायची, एकापुढे एक मांडायची, 'पुरवठा'ला वेगळी खूण, 'राहणार'ला वेगळी खूण. गावाचं नाव बोटांच्या अक्षरांनी लिहायची. गोदूला अक्षरं कुठून यायची? इकडची माणसं थळ म्हणायला दोन मुठी एकावर एक धरून खताच्या कारखान्याचं धुराडं दाखवतात, की झालं थळ. हे राहीला माहीत नव्हतं थोडंच? घरात रोज दिसायचं. पण फुलीवर उभी राहिली की ती मास्तरीण व्हायची.

सोमवारी तिने रुबिनाला विचारलं, माझ्या खुणा तुला समजतात का? रुबिनाने ओढणी नीट केली. "टीचर, आम्ही आपसात असं बोलत नाही. तुम्ही वर्गात आलात की तुमच्यासारखं बोलतो."

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खूप दमलेल्या असता."

वीस वर्षं पोरांनी तिला सांभाळून घेतलं होतं, आणि ती समजत होती आपण पोरांना सांभाळतो. ओशाळली ती. मग कारखान्यात जाऊन दादूसाठी आठवडाभर अर्ध्या दिवसाची रजा मागून आली.

फुलीवर दादू उभा राहिला. राही बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर कागद. ती दादूला बातमी सांगायची, दादू रुबिनाला. पण दादू म्हणजे काय, दहा प्रश्न विचारल्याशिवाय जागचा हलायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या परीक्षेचा कागद आला. त्यात एक ओळ होती, की जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे शनिवारी थळ परिसरातील पाणीपुरवठा बंद राहील. दादूने विचारलं, किती वाजेपर्यंत? कागदात नव्हतं. राहीने तीन ठिकाणी फोन केले. सकाळपासून रात्रीपर्यंत, कळलं. मग, टँकर येणार? पुन्हा फोन. नाही येणार. एका ओळीला पाऊण तास गेला. राहीचं डोकं भणभणलं. त्या ओळीची पारायणं करून करून ती तिला तोंडपाठ झाली होती.

शुक्रवारी सकाळी तिला भांड्यांच्या आदळआपटीने जाग आली. दादू मोरीत काहीतरी करत होता. आपला किती आवाज होतो हे त्याला कळायचं नाही, आणि तिला अजून अर्धा तास पडायचं होतं. तिने जाऊन त्याचा खांदा हलवला, "आजच्या दिवशी तरी सुखाने झोपू दे." तो हसला आणि कळशी खाली ठेवून त्याने तिच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

दुपारी पुन्हा तेच चौघं आले. निकेश भिंतीला टेकून उभा. आत रुबिना दादूकडे बघत होती. तिच्या भुवया हलत होत्या, खांदे हलत होते. तिने धुराडं दाखवलं, नळ फिरवला, तळहात पुढे धरला, वाट पाहिली, आणि रिकामा हात कॅमेऱ्याला दाखवला. एवढी वर्षं समोर असलेली ही पोरगी राहीने पहिल्यांदा बोलताना पाहिली. पुढचं सगळं दादूला पाठ होतं, म्हणून राही टीव्हीच्या खोलीत आली, तेव्हा निम्म्या बातम्या व्हायच्या होत्या, आणि तेवढ्यात गोदू उठली. माशांची पाटी उचलली आणि सरळ बाहेर निघाली.

"गेली," निकेश म्हणाला. "मॅडम, एक तर उठूनच गेली."

राही तिच्या मागे धावली. धावली कसली, गुडघे धरत गेली. गोदू पायरीखाली चपलेत पाय सरकवत होती.

"काय झालं? समजलं नाही?"

गोदूने तिच्याकडे असं पाहिलं, की हिला वेड लागलंय का. "उद्या पाणी नाही. रात्रीपर्यंत नाही. टँकरही नाही. घरी सून एकटी आहे, आज संध्याकाळचं पाणी आलं की हंडे भरायला नकोत?" मग पाटी डोक्यावर ठेवता ठेवता थांबली आणि एका हाताने विचारलं, "तू भरलंस?"

राहीही थळलाच तर राहत होती. ती ओळ तिने तीसदा वाचली, तिच्यासाठी फोन केले, वेळ विचारून घेतली, आणि पाणी आपल्याही घरात येणार नाही हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मोरीतली सकाळची आदळआपट तिला आता समजली.

"दादूने भरलं," तिने सांगितलं.

गोदूने मान हलवली आणि स्टँडच्या दिशेने गेली. वीस वर्षांत राहीच्या हातांनी सांगितलेलं बघून कोणी असं हंडे भरायला उठलं नव्हतं. ती पायरीवर बसली आणि थोडं रडली. मग डोळे पुसून आत गेली, कारण गोदूला बातमी समजली म्हणूनच ती उठली, हे निकेशला सांगायला अजून राहीच लागणार होती.