हात घाल की!

“हात घाल की रे! नुसतं डोळ्यानं काय कळतंय?”

लातूरच्या आमच्या घरात हे वाक्य दूधवाल्याच्याही आधी ऐकू यायचं. बोलणारी आमच्या खालच्या खोलीतली भाडेकरू. हिमायतनगरकडची, नदीकाठच्या गावातली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत कशात तरी बरबटलेले. मला ती आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

तिनं सहा वर्षांच्या पोराला शाळेतून काढलं होतं. का, तर तो तिथं बोलेनासा झाला म्हणून. घरी आईपाशी कुजबुजायचा, परक्यांसमोर तोंडाला कुलूप. माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. असली पोरं दर वर्गात असतात. पण ज्या गावात पोर चालायला लागलं की आईबाप क्लास शोधतात, तिथं ही बया त्याला घरी शिकवणार!

निलंग्याला राहणारे तिचे सासरे भडकले. त्यांनी निरोप धाडला: रविवारी येतो, पोरगं माझ्यासमोर बोललं तर ठीक, न्हाई तर वसतिगृहात घालतो.

झालं, तिला चेव चढला. ओसरीवर ज्वारी, तूर, हरभरा मिसळून पोराला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला निवडायला बसवलं. दुसऱ्या दिवशी अंगणात चिखलाचा बाजार. चिखलाची वांगी, चिखलाचे पेढे, आणि गिऱ्हाईक मी!

“बाई, वांगी घ्या की. भाव त्यालाच विचारा.”

मी नाही विचारला. पोरगा माझ्याकडे बघून ओठ हलवायचा आणि गप्प व्हायचा. मला त्याची कीव यायची आणि तिचा राग.

गुरुवारी तर कहरच. काय तरंगतं आणि काय बुडतं, ते शिकायचं म्हणे. त्यासाठी माझा ड्रम! आमच्याकडे नळ आठवड्यानं येतो. तो ड्रम म्हणजे आमचं पिणं, रांधणं, सगळं. जाऊन पाहते तर आत कांदा, लाटणं, अडकित्ता आणि तिच्या नवऱ्याची चप्पल. चप्पल मजेत तरंगत होती.

“नदीकाठची आहेस म्हणून इथंही नदी वाहते असं वाटलं का गं?”

“चुकलं बाई. मला वाटलं, सांडायचं, धुण्याभांड्याचं पाणी हाय. टँकर आला की भरून देते.”

“भरून दे, आणि महिनाअखेर खोली रिकामी कर.”

रविवारी सासरे आले. “बोल रं, नाव काय तुझं?” पोरगा गप्प. “बरं, बे दुणे?” गप्प. ती दाराशी उभी होती, चेहरा पांढराफटक. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वर आगीत तेल म्हणून मी ड्रमची गोष्ट काढली. “पिण्याच्या पाण्यात चप्पल टाकली हो तुमच्या सुनेनं!”

सासरे ताडकन उठून तिच्याकडे वळले.

“आज्जा, चप्पल म्या टाकली. आईनं न्हाई.” मग पोरानं माझ्यावर बोट रोखलं. “आईला बोलू नका तुमी.”

सासरे मटकन खुर्चीत बसले. वसतिगृहाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ती पदर तोंडात कोंबून मोरीकडे पळाली. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. एवढंसं पोर मला दटावतं! आवाज खणखणीत होता, हे कबूल.

खोली मी रिकामी करून घेतलीच. ती मंडळी निलंग्याला गेली. निघताना तिनं साधा नमस्कारही केला नाही. टेम्पोत गाद्यांवर बसलेलं ते पोरगं दिसेल त्याला हाका मारत होतं. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, रस्त्यात बसलेल्या म्हशीला. मला सोडून सगळ्यांना.