आप्पांचा गोल कुठे ठेवायचा

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, सांगलीत, आम्हाला घराचा प्रकल्प होता. "खऱ्या माणसांसाठी घर करा," असं सरांनी बजावलं आणि वर्गातल्या निम्म्या पोरांनी लगेच खोटी माणसं तयार केली. कुणाचं चित्रकार जोडपं, कुणाचा गच्चीत बसून तारे बघणारा प्राध्यापक. मला माणसं शोधायची गरज नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या वर्षी फौजेतून कायमचे घरी यायचे होते. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात उसाच्या कडेची जागा घरासाठी राखून ठेवलेली होती. आई, आप्पा आणि मी पहिल्यांदाच एका छपराखाली राहणार होतो, सुट्टीपुरते नाही, कायमचे. ते घर मला मार्कांसाठी नको होतं. मला ते खरंच हवं होतं.

सुरुवातीला भिंती काढायच्या नसतात. घरात दिवसभर जे जे घडतं त्याचा एकेक गोल करायचा, आणि गोलांमध्ये रेघा ओढायच्या. येणं-जाणं जास्त तिथे जाड रेघ, कमी तिथे बारीक. खोल्यांची नावं विचारू नका, दिवस कसा जातो ते विचारा, असं सर सांगायचे. मी पुठ्ठ्याचे गोल कापले, त्यांवर नावं लिहिली, एसटीने गावी गेले आणि आईसमोर फरशीवर मोठा कागद पसरून त्यावर पसारा मांडला.

"ह्ये काय, भातुकली व्हय गं?" म्हणून ती आधी हसली. मग मात्र अशी रमली की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नाही. स्वयंपाकघर मधोमध. तिथून गोठा दिसला पाहिजे. धान्याची खोली हाताशी. तिचा झोपायचा गोल स्वयंपाकघराला लागून, आणि माझा तिच्या गोलाला चिकटवून. शेवटी तिने आप्पांचा गोल उचलला आणि पार रस्त्याच्या बाजूला, फाटकापाशी नेऊन ठेवला. शेजारी न्हाणीघराचा एक वेगळा गोलही ठेवला.

मला वाटलं, तिची गल्लत झाली. "आई, हा आप्पांचा झोपायचा आहे. बैठकीचा तो दुसरा."

"ठावं हाय की. दोनी तिकडंच."

मी तो गोल उचलून तिच्या गोलाशेजारी ठेवला. तिने पुन्हा फाटकापाशी ठेवला. मी परत आणला, तिने परत नेला. माझं डोकं फिरलं. "अगं, नवरा आहे तो तुझा, विमा एजंट नाही!"

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. आमच्या भागात फौजी सुट्टीवर आला की बाहेरच्या सोप्यात, रस्त्याकडच्या खोलीत, उतरतो. ट्रंक तिथेच उघडते, भेटायला येणारी माणसं तिथेच बसतात, आणि सुट्टी संपली की ट्रंक तिथेच भरते. आतल्या कपाटात त्याचे कपडे लावायचे नाहीत, लावले की परत काढताना जीव जातो म्हणतात. आईने लग्नापासून ते पाळलेलं.

"पयली पयली त्ये गेलं की मी लय रडायचे," ती म्हणाली. "मग एकटीची सवय लागली. आता शेजारी कोन असलं की मला झोपच न्हाई लागत. त्येंनी नुस्तं कूस बदलली तरी दचकून उठते. मानूस लय चांगलं हाय गं. पर मला त्येंची सवय न्हाई, आन आता कवा लागायची?"

मी मार्कर हातात धरून बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, स्वयंपाकघरापासून आप्पांपर्यंत रेघ किती जाड?

"चा दोनदा, जेवान दोनदा. बारीक वड."

ती रेघ ओढताना मला रडू आवरलं नाही. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, जणू वाईट माझंच झालं होतं.

आप्पा घरी आल्यावर एकदा, आई रानात गेली असताना, मी तेच गोल त्यांच्यापुढे ठेवले. आईने काय मांडलं ते सांगितलं नाही. त्यांनी आधी सगळे गोल ओळीत लावून घेतले, फौजी माणूस. मग स्वतःचा गोल स्वयंपाकघर आणि आईचा गोल यांच्या बरोब्बर मधे ठेवला, दोन्हीकडून चिकटलेला.

"भाकरी थापल्याचा आवाज आला पायजे," ते म्हणाले. "तिकडं बर्फात त्या आवाजाची लय याद यायची. मार्कर जाडा हाय न्हवं?"

आणि मग, अगदी सहज, "तुज्या आईनं कसं मांडलंय?"

मी टाळाटाळ केली. पण आईची मांडणी उतरवून घेतलेल्या कागदाची गुंडाळी तिथेच होती. त्यांनी ती उलगडली आणि दोन्ही हातांनी सपाट धरली. फाटकापाशी 'आप्पा' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाचलं, ती एकुलती बारीक रेघ बघितली. मग फरशीवरचा स्वतःचा गोल उचलून तिकडे, फाटकापाशी, ठेवला आणि बोटाने जरा सरळ केला.

"घर तिचं हाय. तिनंच संभाळलं. तिच्या मनासारखं होऊ दे." मग कागद गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाले, "मी कसं मांडलं हुतं, ते तिला सांगू नगंस."

सांगलीत परीक्षकांना माझा नकाशा आवडला. फाटकाजवळची पाहुण्यांची खोली फार विचारपूर्वक स्वतंत्र ठेवली आहे, असं त्यांनी खास कौतुक केलं. मी थँक्यू म्हटलं आणि जिन्यात जाऊन ढसाढसा रडले.

घर तसंच बांधलं. गावात सगळे वाखाणतात. मी सुट्टीला जाते तेव्हा सकाळी बघते. आप्पा आंघोळ करून, भांग पाडून, अंगण ओलांडून येतात, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर चपला काढतात आणि विचारतात, "येऊ का?"

आई पदर सारखा करते. "या की. बसा."

दोघंही एकमेकांशी फार अदबीने वागतात. मला तिथे बसवत नाही.