आयसची आई

ठकीबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. डहाणू तालुक्यात गंजाडच्या पुढे एका पाड्यावर शाळा, आणि मी तिथे मराठीचा मास्तर, मूळचा सातारचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आठवीच्या पोरांना मी एक काम दिलं होतं. चौघांनी मिळून एका ऑनलाइन पानावर घरातल्या एका माणसाबद्दल लिहायचं. पान एकच, एकाने लिहिलं, खोडलं, की बाकीच्यांच्याही पडद्यावर तेच दिसतं. वर्षाच्या गटाने तिच्या आईला निवडलं, म्हणजे ठकीबाईलाच.

ठकीबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पोरांच्या या उद्योगाचं तिला भारी कौतुक. जेवणं उरकली की चुलीपाशी बसून ती सांगायची आणि चौघं शाळेच्या टॅबवर टिपायची. लहानपणी किनाऱ्याकडच्या वाडीत चिकू वेचायला जायची, मालकिणीचं ऐकून ऐकून गुजराती शिकली, नवऱ्याशी पहिलं बोलणं झालं तेच भांडण, असलं सगळं. मग वर्षा वाचून दाखवायची. जरा इकडचं तिकडे झालं की ठकीबाई म्हणायची, खोड ते, मी असं नाही बोलले. पोरं घरच्या वारली बोलीतच लिहीत होती. मी पडवीत दात-ओठ खात बसलेला.

दिवाळीनंतर ठकीबाईच्या पोटात गाठ निघाली. डहाणूला दवाखान्यात ठेवलं, पण डॉक्टरांनी फारशी आशा दिली नाही. तिने वर्षाला एवढंच सांगितलं, की लिहिणं पुरं करा आणि मला एकदा सगळं वाचून दाखवा.

पोरांनी शनिवारी पुरं केलं. रविवारी सकाळी चहा घेता घेता मी पान उघडलं. तालुक्याच्या स्पर्धेला लेखन पाठवायचं होतं, आणि समोर ओळीओळीला 'आयस'. वारलीत आईला आयस म्हणतात हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी हात थांबला नाही. एका झटक्यात सगळीकडे 'आई' केलं. मग हात लागलाच आहे तर वाक्यंही धुऊन काढली. भांडण काढून तिथे 'सुखाचा संसार' घातला. वर स्वतःवर खूशही झालो. शहाणाच मी.

त्याच दुपारी वर्षाने आयसच्या खाटेशी बसून मोबाइलवर तेच पान उघडलं. पोरीला काय कल्पना! वाचताना अडखळली, पण आयस कान देऊन ऐकत होती म्हणून वाचत गेली. ठकीबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं,

"बाय बरी हाय. पन ही कोन?"

वर्षाने बाहेर येऊन मला फोन केला. ती रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली.

"सर, आई तुमची. माझी आयस कुठे गेली ते सांगा."

अशा पानाचं जुनं लिहिणं आत जपलेलं असतं. चार ठिकाणी बोट लावलं आणि सगळं जसंच्या तसं परत आलं, आयससकट, भांडणासकट. मोटरसायकल काढून मी तसाच डहाणूला निघालो. म्हटलं, बाईसमोर कान धरू, ती हसेल, दोन शब्द सुनावेल. पोचलो तोवर तिची शुद्ध गेली होती.

तरी वर्षाने वाचलं, पहिल्या ओळीपासून. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. एके ठिकाणी ती चुकली, थांबली, आयसच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुढे वाचायला लागली.

ठकीबाई मंगळवारी गेली. 'खोड ते' म्हणायला पुन्हा उठली नाही.