तबकडीच्या फ्रेममधला फोटो

माझा थोरला भाऊ गेला तेव्हा त्याच्या कारंजा गावातल्या घरात भिंतीवर चार तबकड्या टांगलेल्या होत्या. परदेशात रॉक संगीताची रेकॉर्ड भरपूर खपली, की कंपन्या सोनेरी मुलाम्याची तबकडी फ्रेम करून सन्मान म्हणून देत. ती गाणाऱ्यालाच नव्हे, रेडिओवाल्याला, दुकानदारालाही मिळे. काचेखाली पितळी पट्टी असे आणि पट्टीवर त्या माणसाचं नाव. दादा कापसाच्या जिनिंग कारखान्यात नोकरीला होता. कितीतरी वर्षं पैसे साठवून एकेक करत त्याने या तबकड्या मागवल्या. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र मात्र त्याच्याकडे कधीच नव्हतं.

यात नकली माल फार. म्हणून दादा फ्रेम उलटी करून तपासायचा. पाठीवरचा जुना कागद शाबूत असला, तर आत कोणाचा हात गेलेला नाही. एकदा उघडली, की तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "माह्यामागं त्या कोणाले उघडू देऊ नको." मी हो म्हणालो. दुसरं काही त्याने मागितलं नाही.

राख सावडून आलो त्या दिवशी लोक भेटायला येऊ लागले. दादाचा फोटो होता, पण त्याला फ्रेम नव्हती. मामांनी विचारलं, "घरात फ्रेम नाही का बे एखांदी?" वहिनी आत होती. मी भिंतीवरच्या तबकडीकडे हात केला. का केला, ते मला अजून सांगता येत नाही.

मामांनी चाकूने कागद कापला. तबकडी निघेना, तेव्हा पेचकस घालून उचकटली. मुलामा सोलला गेला. त्या काचेमागे दादाचा फोटो बसला, त्यावर हार चढला. पट्टी तशीच राहिली.

"हे इंग्रजीत काय लिहेल हाय?" शेजारच्या काकांनी वाकून विचारलं. "डिग्री होय का त्यायची?"

"इनाम भेटलं होतं त्याले," मामा म्हणाले.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. तिने फोटो पाहिला, मग फाटलेला कागद. हे मामांनीच मनाने केलं असं समजून ती त्यांना नाही नाही ते बोलली, आणि त्यानंतर त्यांच्याशी धड बोलली नाही. तेरवीचं जेवणसुद्धा तिने त्यांना दुसऱ्याच्या हातून वाढलं. मामा सगळं ऐकून घेत होते. माझं नाव त्यांनी काढलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी वहिनीला दादाला दिलेला शब्द सांगितला, मग भिंतीकडे हात मीच केला होता, हेही.

"मी मामाले काय काय बोलली, भाऊजी. तुमी तिथंच बसेल होते."

"हो."

"मंग काहून नाही बोलले?"

तिने माझाच मोबाइल उचलून माझ्या हातात दिला.

"लावा फोन. माह्यासमोर."

मी लावला. मामांनी लगेच उचलला.

"बोल बे," ते म्हणाले. "वहिनी जेवली का तुही?"