यादीतलं पहिलं नाव

निलमला तलासरीतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसात लागून सहा वर्षं झाली होती, आणि कामाच्या नावाने बोटं मोडायची तिला भारी खोड. दर जूनला साठ घरी फोन करायचे : "मुलीला प्रवेश मिळाला, दहा दिवसांत हजर करा, नाहीतर जागा दुसरीला जाईल." एकाला रेंज नाही, दुसरा विचारतो, गादी आणायची का. दोन दिवसांत घसा बसायचा.

यंदा मात्र ती डहाणूला रविवारच्या क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकली. लूप शिकली त्या दिवशी तर बाईसाहेब हवेतच होत्या. एकच काम साठदा करायचंय ना? मग काम एकदा सांगा, किती वेळा ते सांगा, आणि राबू दे कंप्युटरला! तिने यादी भरली, मेसेज लिहिला, एकपासून सुरू कर असं सांगितलं आणि बटण दाबलं. चहा निवायच्या आत सगळं उरकलं. शेवटच्या नावाला मेसेज पोचला का, तेही फोन करून विचारलं. पोचला होता. पहिल्याला पोचला का, हे कोण विचारतं?

"बघा मयुराताई, आता कोणी सुटायचं नाही," ती अधीक्षकबाईंना म्हणाली.

पण कंप्युटर यादी मोजतो ती शून्यापासून. पहिलं नाव त्याच्या लेखी शून्यावर. क्लासच्या सरांनी हे दोनदा सांगितलं होतं, तेव्हा निलम मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिच्या लूपने दुसऱ्या नावापासून सुरुवात केली आणि पहिलं नाव तसंच राहिलं.

ते नाव सुकीचं. कासाच्या पुढच्या एका पाड्यावरची पोर. दहावीला सगळ्यांत जास्त मार्क तिचे, म्हणून तर यादीत ती वर. दहा दिवस झाले, सुकी आली नाही, आणि जागा दुसरीला दिली. तो कागद निलमनेच केला. वर म्हणालीही, "एवढे मार्क, पण कदर आहे का बघा!"

जुलैत तिने सहज गेलेले मेसेज मोजले. एकोणसाठ. पुन्हा मोजले. यादीशी ताडून पाहिलं तर सुकीचंच नाव राहिलेलं; ती तशीच मयुराताईंकडे गेली.

"नेटवर्कवर ढकल," मयुराताई म्हणाल्या. "त्या पाड्यावर कुठली आलीय रेंज? कोणाला कळतंय?"

निलमला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कासाहून जीपने गेली, पुढे तासभर चालली. पाड्यावर आवणी चालू होती. सुकी गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावत होती. तिचा बाप लाहू बांधावर आला.

"रोज सांजेला टेकडीवर जायचो बाय, फोन घेऊन," तो म्हणाला. "तिथंच रेंज येते. सोळा दिवस गेलो. फॉर्म द्यायला आलेलो तवा तूच बोललेलीस ना, मेसेज येईल, उगाच फेऱ्या मारू नका. मंग आलो नाय. आमचाच फोन खराब असंल."

बोलली होती खरी, आणि तेही खेकसून. आता नुसतं "असेल" म्हटलं असतं तरी सुटली असती. त्या माणसाने स्वतःच वाट काढून दिली होती. निलमला स्वतःची शिसारी आली.

"फोन चांगला आहे, लाहूदादा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. यादीत पहिलं नाव सुकीचं होतं, आणि तेवढंच माझ्या हातून सुटलं. मेसेज गेलाच नाही. आता जागाही गेली."

लाहू हातातल्या फोनकडे बघत राहिला.

सुकी मात्र रोपांची जुडी टाकून बांधाशी आली. कोपरापर्यंत चिखल.

"पहिलं?" तिने विचारलं. "ताई, म्हंजे माझा नंबर पहिला होता?"

निलमने मान हलवली.

"बा, ऐकलास का? सगळ्यांत पहिला!" सुकी हसत सुटली. ती हसतच होती, आणि निलमला वर बघवेना.